बर्टनचे पाणी



बिअर हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका विषयपत्रिका वाचताना आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. मद्याची भलामण करण्यासाठी मी उभा नाही, आणि त्याचा निषेध करण्यासाठीही नाही. ती दोन्ही कामे करणारे समर्थ वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला सांगावयाची आहे ती एका गावाची आणि त्या गावच्या धंद्याची हकीकत. धंदा एखाद्या जागी का रुजतो, तेथून का उठतो, आणि तो उठल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. माल विणकराचा असो की कलालाचा.

ह्या हकीकतीचा धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांच्या दरपत्रकांवर अलीकडे 'आयपीए' असे एक नाव दिसते. २००९ साली पुण्यात महाराष्ट्रातली पहिली लहान बिअर-भट्टी निघाली, तिच्यामागून आणखी निघाल्या, आणि हे नाव रुळले. त्या पहिल्या भट्टीचे नाव मोठे गमतीचे आहे: 'डूलाली'. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने पडून असत, आणि कंटाळ्याने व उन्हाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. 'डूलाली टॅप' असा पूर्ण शब्दप्रयोग होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप! देवळाली विलायतेला जाऊन अशी डूलाली होऊन परत आली. 'आयपीए'ची गोष्टही अशीच, पण उलट्या दिशेची. त्या अक्षरांचा अर्थ 'इंडिया पेल एल', म्हणजे हिंदुस्थानसाठीची फिक्या रंगाची बिअर. ती मुळात हिंदुस्थानात होत नव्हती. ती होई इंग्लंडच्या मध्यभागी, ट्रेंट नदीच्या काठी वसलेल्या बर्टन नावाच्या गावी.

बर्टनचे भाग्य त्याच्या जमिनीखाली होते. अकराव्या शतकाच्या अगदी आरंभी तेथे बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन झाला, आणि मठात बिअर गाळली जाई. त्यात नवल काही नाही; त्या काळी युरोपात मठ तेथे भट्टी असेच. पण बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते. ते इतके जड, की साबणाला फेस यावयाचा नाही. धुणे धुणाऱ्या बाईने ज्या पाण्याला नावे ठेवली असती तेच पाणी बिअरला मानवले. मोड आणून भाजलेले सातू त्या पाण्यात शिजविले आणि त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घातली, की होणारी बिअर निवळ, चमकदार आणि टिकाऊ निघे, आणि हॉपचा कडवटपणा जिभेवर स्वच्छ उमटे. हे का होते ते तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. होते एवढे मात्र गावाला पक्के माहीत होते.

नुसत्या चांगल्या पाण्याने धंदा होत नाही. माल बाहेर नेण्याची वाट लागते. १६९९ च्या कायद्याने ट्रेंट नदी बर्टनपर्यंत नावांना खुली करण्याची परवानगी मिळाली, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माल थेट हल बंदराला जाऊ लागला. तेथून बाल्टिक समुद्रमार्गे रशिया. बर्टनचे पहिले मोठे गिऱ्हाईक सेंट पीटर्सबर्गचे होते, कलकत्त्याचे नव्हे. ती बिअर काळपट, गोड आणि फार जोरकस असे. विल्यम बास नावाच्या मालवाहतूकदाराने १७७७ साली गाड्यांचा धंदा सोडून भट्टी विकत घेतली ती ह्याच व्यापाराच्या बळावर. पुढे नेपोलियनने युरोपची बंदरे इंग्रजी मालाला बंद केली, आणि ते संकट सरते न सरते तोच १८२२ साली रशियाने इंग्रजी बिअरवर जबर जकात बसविली. बर्टनच्या अनेक भट्ट्या ह्या दोन तडाख्यांत विझल्या. ह्या गावाच्या इतिहासातली ही पहिली मोठी पडझड. तिचा आणि बिअरच्या चवीचा काडीमात्र संबंध नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

आता हिंदुस्थान. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना स्वतःचा खाजगी माल नेण्याची सवलत असे. जाताना जहाजे बरीच रिकामी असत, त्यामुळे भाडे स्वस्त. लंडनच्या पूर्वेस, कंपनीची जहाजे लागत त्या ब्लॅकवॉलपासून जवळच, बो नावाच्या वस्तीत जॉर्ज हॉजसन ह्याने १७५२ मध्ये भट्टी घातली होती. तो कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीने माल देई. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील गोऱ्या साहेबांच्या मेजावर हॉजसनची फिकी बिअर गाजली ती मुख्यतः ह्या दोन गोष्टींमुळे: भट्टी धक्क्याजवळ होती, आणि मालक उधार देत होता. 'हॉजसनने हिंदुस्थानच्या सफरीसाठी म्हणून मुद्दाम एक नवी, जालीम बिअर शोधून काढली' ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. तिला आधार नाही. उष्ण देशी पाठवावयाच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावे, ही शिकवण त्याच्या पुष्कळ आधीपासून भट्टीवाल्यांत रूढ होती. खरी किमया केली असेल तर ती समुद्राने. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिने पिपे जहाजाच्या पोटात हिंदकळत यावयाची. इंग्लंडच्या तळघरात जे मुरणे दोन वर्षांत झाले असते ते ह्या प्रवासातच उरके.

आणखी एक समजूत दुरुस्त करावयास हवी. ही फिकी बिअर छावणीतला शिपाई पीत असे, असे आपण गृहीत धरतो. ती अंमलदारांची आणि व्यापाऱ्यांची. शिपायाला मिळे ती 'पोर्टर' नावाची काळी, स्वस्त बिअर. तीही जहाजे भरभरून येई, पण तिच्या नावाला 'इंडिया' कायमचा चिकटला नाही. नाव राहिले ते साहेबाच्या पेल्यातल्या बिअरचे. इतिहास लिहिण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे.

१८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांना वाटले की आता हिंदुस्थानची बाजारपेठ आपल्या खिशात आहे. त्यांनी भाव चढविले, उधारी तोडली आणि कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठविण्याचा घाट घातला. ज्यांच्या खांद्यावर बसून वर चढले त्यांनाच लाथ मारण्याचा हा प्रकार. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स ह्यांनी १८२२ मध्ये बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला जेवायला बोलाविले, रशियाचा बाजार गेल्याचे त्याचे रडगाणे ऐकले आणि हॉजसनच्या बिअरची बाटली त्याच्यापुढे ठेवली: अशी बिअर तुला करता येईल काय? ऑलसॉपने नमुना गावी नेला, आणि त्याचा माल्ट करणारा जॉब गुडहेड ह्याने चहाच्या किटलीत पहिला घाणा काढून दाखविला, असे सांगतात. ही किटलीची गोष्ट सुमारे तीस वर्षांनंतर, ऑलसॉपच्या भरभराटीच्या दिवसांत छापली गेली. तेव्हा ती कितपत खरी मानावी हे ज्याचे त्याने ठरवावे. १८२३ मध्ये ऑलसॉपची पिपे हिंदुस्थानकडे निघाली हे मात्र खरे. त्याच्या मागोमाग बास आला. आणि मग जड पाण्याचा खरा गुण दिसला: बर्टनची फिकी बिअर हॉजसनच्या बिअरहून स्वच्छ निघाली. एका दशकात बाजी उलटली. रशियात जे गमावले ते हिंदुस्थानात मिळाले.

१८३९ साली बर्टनला आगगाडी आली आणि हिंदुस्थानासाठी केलेली बिअर इंग्लंडातच खपू लागली. काचेचे पेले स्वस्त झाले होते. काचेतून पाहिले की फिकी, चमकती बिअर मोहक दिसे. त्यापुढची चाळीस वर्षे म्हणजे बर्टनची दिवाळी. १८७७ मध्ये बासची भट्टी जगातली सर्वांत मोठी मानली जाई. वर्षाला सुमारे दहा लाख पिपे. एका लहानशा गावात तीसहून अधिक भट्ट्या. भर रस्त्यावरून भट्ट्यांच्या खाजगी आगगाड्या धावताहेत आणि पावलोपावली फाटके लागताहेत. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक १८६८ मध्ये उघडले, तेव्हा फलाटाखालचे तळघर बर्टनच्या बिअरसाठी राखून ठेवले होते, आणि तेथल्या लोखंडी खांबांमधले अंतर बिअरच्या पिपांच्या मापाने आखले होते. एका प्रचंड स्थानकाचा गज म्हणजे बिअरचे पीप! १ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडात व्यापारी चिन्हांची नोंद सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर चढला तो बासचा तांबडा त्रिकोण. माने ह्या फ्रेंच चित्रकाराने १८८२ मध्ये पूर्ण केलेल्या पॅरिसच्या मद्यगृहाच्या प्रसिद्ध चित्रात शँपेनच्या बाटल्यांशेजारी तो त्रिकोण दिसतो. लंडनच्या जुन्या, मातबर भट्टीवाल्यांनाही बर्टनचे पाणी पाहिजे झाले. पाणी काही लंडनला नेता येत नव्हते, म्हणून तेच गावात आले: इंड कूप १८५६ मध्ये, चॅरिंग्टन १८७२ मध्ये, ट्रूमन १८७३ मध्ये, मान-क्रॉसमन-पॉलिन १८७५ मध्ये.

ह्या दिवाळीतल्या कामगाराचे काय, असे विचारणे रास्त आहे. काम हंगामी होते; उन्हाळ्यात बिअर नासते म्हणून आंबवण बंद ठेवीत, आणि कित्येक मजूर त्या काळात शेतीवर जात. मालक पितृतुल्य म्हणवीत. बास कंपनी वर्षातून एकदा सगळ्या नोकरांना बायकापोरांसह समुद्रकिनारी नेई. एकामागोमाग एक पंधराएक खास गाड्या पहाटे सुटत आणि त्या दिवशी गाव ओस पडे. ही सहल १९१४ पर्यंत चालली. मालक गावात राहत होता, त्याचे देऊळ, त्याची शाळा, त्याचा पूल गावात होता. हे औदार्य होते तसे हिशेबही होता, ह्यात संशय नको. तरीही मालक गावात असणे आणि नसणे ह्यांत काय फरक पडतो, ते पुढे दिसेल.

बर्टनच्या कारागिरीतली एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण शेवटी आपण तिच्याकडेच येणार आहोत. बिअर आंबताना यीस्ट फेसाबरोबर वर उसळते. ते काढावे कसे, आणि त्याच्याबरोबर बिअर वाया जाऊ नये ह्यासाठी काय करावे? १८३८ मध्ये लिव्हरपूलच्या पीटर वॉकरने पेटंट घेतलेली युक्ती अशी. ओकच्या लाकडाची, प्रत्येकी सुमारे दीडशे गॅलनची पिपे ओळीने मांडावयाची आणि प्रत्येकाच्या माथ्यातून हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी काढून वरच्या लांब पन्हळात सोडावयाची. फेस नळीतून वर चढतो आणि पन्हळात पडतो. यीस्ट तेथे राहते, आणि निथळलेली बिअर उताराने पुन्हा पिपांत उतरते. अशा जोडलेल्या पिपांच्या रांगेला 'बर्टन युनियन' म्हणत. बिअर स्वच्छ होई हा एक फायदा. दुसरा अधिक महत्त्वाचा: पन्हळात जमणारे यीस्ट पुढच्या घाण्याला विरजण म्हणून वापरीत, आणि अशा रीतीने ते वर्षानुवर्षे निरोगी राही. आपल्या घरी सासूकडून सुनेकडे विरजण जावे तसे ते भट्टीतल्या एका पिढीकडून दुसरीकडे गेले.

मात्र ह्या वैभवातच त्याच्या ओहोटीचे बीज होते, आणि ते पेरले शास्त्रज्ञांनी. १८५२ मध्ये फ्रान्सकडून आवई उठली, की इंग्रजी कडू बिअरमध्ये कुचल्याचे विष, म्हणजे स्ट्रिक्निन, घालतात. ऑलसॉप घाबरला, त्याने लीबिख, हॉफमन, ग्रॅहम अशा नामांकित रसायनज्ञांकडून बिअर निर्दोष असल्याचे दाखले मिळविले आणि ते जाहिरातींत छापले. भट्टीला रसायनज्ञाचा उपयोग असतो हे तेव्हा गावाला कळले. हॉफमनच्या प्रयोगशाळेतला पीटर ग्रीस १८६२ मध्ये ऑलसॉपकडे नोकरीस आला. त्याने आधीच शोधलेल्या डायझो संयुगांतून पुढे कृत्रिम रंगांचे एक मोठे कुटुंब जन्मले. बासकडे कॉर्नेलियस ओसलिव्हन, वर्दिंग्टनकडे होरेस ब्राउन. आणि त्याचा सावत्र भाऊ एड्रियन ब्राउन सॉल्ट कंपनीत पंचवीसएक वर्षे रसायनज्ञ होता. एड्रियन ब्राउनने १९०२ मध्ये साखर विघटित करणाऱ्या विकराचा वेग मोजून जो निबंध लिहिला, त्याच्या पायावर पुढे जीवरसायनशास्त्राचे एक प्रकरण उभे राहिले. महाविद्यालय नसलेल्या एका गावात, बिअरच्या भट्ट्यांत, त्या काळी जगातील एक उत्तम शास्त्रीय मंडळी जमली होती. विद्यापीठांनाच विद्या वश असते असे मानणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

ह्या रसायनज्ञांच्या युगात पाण्याचे गुपित उघडे पडले. बर्टनच्या पाण्यात कोणते क्षार किती आहेत हे कळल्यावर तेच क्षार लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या पाण्यात घालता येऊ लागले. भट्टीवाल्यांच्या बोलीत ह्या क्रियेचे नावच पडले 'बर्टनायझेशन', पाण्याला बर्टनचे करणे. ज्या पाण्यासाठी लंडनचे मालक गावात आले होते, ते आता पोत्यात मिळू लागले. मान-क्रॉसमनने शतक संपण्यापूर्वीच आपली आल्बियन भट्टी विकून टाकली. १८९८ मध्ये तेथे गावचीच मार्स्टन कंपनी राहावयास गेली. ट्रूमनने १९७१ पर्यंत दम धरला. ज्ञानाने एका गावाची मक्तेदारी मोडली आणि साऱ्या देशाला चांगली बिअर दिली. ह्यावर बर्टनकराने हळहळावे की इतरांनी आनंद मानावा, ह्याचे उत्तर आपण कोठे राहतो त्यावर ठरते.

दुसरे कारण कायद्याचे व पैशाचे. इंग्लंडात दारूगुत्त्यांचे परवाने मर्यादित होत गेले, तसतसे भट्टीवाले गुत्तेच विकत घेऊ लागले. ज्याचा गुत्ता त्याचीच बिअर तेथे विकली जाई. बर्टनचे मालक आपल्या नावाच्या भरवशावर स्वस्थ राहिले. 'आमची बिअर लोक मागून घेतात, आम्हाला गुत्ते कशाला?' ही त्यांची भाषा. पण ज्या दुकानात आपला माल ठेवायचाच नाही असे ठरले, तेथे लोकांनी मागून काय होणार? जाग आली तेव्हा गुत्त्यांचे भाव गगनाला भिडले होते. ऑलसॉपने कर्ज काढून गुत्ते घेतले आणि १९११ मध्ये कंपनी कर्जदारांच्या वतीने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. ज्या ऑलसॉपने हॉजसनचा गर्व उतरविला, त्याची नव्वद वर्षांनंतर ही गत.

हिंदुस्थानचा बाजारही तोवर आटला होता. डोंगरावरच्या थंड हवेत बिअर येथेच करता येते हे इंग्रजांच्या ध्यानी आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कसौलीला व त्यानंतर मरीला भट्ट्या निघाल्या. कसौलीची भट्टी काढणारा एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेतील जनरल डायरचा बाप. त्याच्या भट्ट्या नंतर विकत घेणारा मीकिन हा खुद्द बर्टनच्या भट्टीवाल्यांच्या घराण्यातला. म्हणजे पिपांऐवजी माणूसच निघून आला! त्याच्या नावाची कंपनी स्वातंत्र्यानंतर मोहन कुटुंबाकडे गेली आणि मोहन मीकिन ह्या नावाने आपल्याला ठाऊक आहे. ज्या मुंबई बंदरात बर्टनची पिपे उतरत, त्या मुंबईत १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याविना बिअरचा घोट घेणेही गुन्हा ठरले.

मध्यंतरीचा काळ मी भरभर सांगतो, कारण त्यात एकाच गोष्टीची पुनरावृत्ती आहे. पहिल्या महायुद्धात करवाढ झाली, बिअर पातळ झाली. १९२७ मध्ये बासने वर्दिंग्टनला पोटात घेतले, १९३४ मध्ये इंड कूप आणि ऑलसॉप एक झाले, १९६१ मध्ये बास मिचेल्स अँड बटलर्सशी जोडली गेली, १९६७ मध्ये चॅरिंग्टनशी. दर वेळी एक नाव कमी, दोन-चार धुराडी कमी. देशातल्या सहा बड्या कंपन्यांकडे बहुतेक धंदा आला, आणि बिअर गाळून, तापवून, वायू भरून लोखंडी डब्यांतून जाऊ लागली. ती नासत नसे, हा तिचा मोठा गुण होता. चवीबद्दल तेवढ्या आग्रहाने कोणी बोलत नसे.

मग उलटे वारे सुटले. १९७१ मध्ये सुट्टीवर आयर्लंडात गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी जिवंत, पिपात मुरणारी बिअर वाचविण्यासाठी 'कॅम्रा' नावाची ग्राहकांची चळवळ काढली. अमेरिकेत त्याआधीच, १९६५ मध्ये, फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोची मोडकळीस आलेली अँकर भट्टी वाचविली होती. १९७५ मध्ये त्याने भरपूर अमेरिकन हॉप घालून एक फिकी बिअर काढली, आणि तिच्यातून नव्या आयपीएची लाट उठली. (तीच अँकर भट्टी नव्या जपानी मालकांनी २०२३ मध्ये बंद केली, आणि २०२४ मध्ये दह्याच्या धंद्यात नाव काढलेल्या एका उद्योगपतीने विकत घेतली. हा खेळ एकट्या बर्टनचा नाही.) बर्टनमध्ये १९८२ साली दोघा भट्टीवाल्यांनी मोठ्या कंपनीची वाट सोडून नदीच्या पुलाजवळ 'बर्टन ब्रिज' ही लहानशी भट्टी आणि तिला लागून गुत्ता उघडला. योग असा, की त्याच सुमारास बास कंपनी आपल्या युनियनच्या रांगा खर्चिक म्हणून मोडीत काढीत होती. जे लाखो पिपांच्या हिशेबात बसत नव्हते ते शंभर पिपांच्या हिशेबात बसू लागले.

सरकारनेही हात घातला, आणि सरकारी हाताची मौज पाहा. १९८९ च्या आदेशाने ठरले, की दोन हजारांहून अधिक गुत्ते असलेल्या भट्टीवाल्यांनी वरच्या निम्म्या गुत्त्यांवरचे बंधन सोडावे. हेतू लहान भट्ट्यांना वाव देण्याचा. घडले असे, की बड्यांनी गुत्ते विकले, ते गुत्ते चालविणाऱ्या नव्या कंपन्यांनी घेतले, आणि त्या कंपन्या भट्टीवाल्यांहून कठोर जमीनदार निघाल्या. त्यांतल्या एका मोठ्या कंपनीची कचेरी बर्टनमध्येच होती! बासने २००० साली बिअरचा धंदा बेल्जियमच्या इंटरब्रूला विकला आणि स्वतः हॉटेले चालवू लागली. मक्तेदारी नको म्हणून इंटरब्रूला भट्ट्या सोडाव्या लागल्या. २००२ मध्ये बर्टनची भट्टी अमेरिकेच्या कूर्सकडे गेली, पण बास हे नाव आणि तांबडा त्रिकोण बेल्जियमला राहिला. भट्टी एकाची, नाव दुसऱ्याचे. आणि २००५ पासून बासची पिपातली बिअर त्या नावाच्या मालकासाठी कंत्राटावर गाळली गेली ती तिसऱ्याकडे, मार्स्टनच्या भट्टीत.

खरा फरक केला एका लहान तरतुदीने. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने कमी उत्पादन करणाऱ्या भट्ट्यांचा कर निम्म्यावर आणला. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत माल काढणाऱ्याला ह्याचा पूर्ण लाभ मिळे. त्यानंतरच्या वीस वर्षांत देशभर लहान भट्ट्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. करोनाची साथ आली तेव्हा त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. साथीत गुत्ते बंद, नंतर धान्य, वीज आणि वायू महाग. शेकडो भट्ट्या पुन्हा मिटल्या. उत्साहाने काढलेला धंदा कर्जाने बंद पडतो, हे ऑलसॉपच्या वेळीही खरे होते. ऑलसॉपजवळ निदान गमवायला बरेच काही होते.

बर्टनच्या वाट्याला आणखी एक बंद दार आले. बासने १९७७ मध्ये गावात आपल्या धंद्याचे संग्रहालय उघडले होते: जुनी इंजिने, गाड्या, तट्टे, कागदपत्रे, आणि आवारात लहान घाणे काढणारी भट्टी. नव्या मालकांनी ते २००८ मध्ये बंद केले. गावकऱ्यांनी समिती नेमली, मोर्चा काढला, आणि २०१० मध्ये ते राष्ट्रीय मद्यनिर्मिती केंद्र म्हणून पुन्हा उघडले. २०२२ च्या ऑक्टोबर अखेरीस ते पुन्हा बंद झाले, कारण त्या जागेवर मोल्सन कूर्स कंपनीला आपली कचेरी हवी होती. कायद्याने त्यात गैर काहीच नाही, जागा त्यांची. परंतु शतकानुशतकांच्या गावच्या आठवणी कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत एक नोंद होऊन बसतात, तेव्हा त्या काढून टाकण्याचा अधिकारही त्या यादीबरोबर विकला जातो. ज्या बासने पंधरा गाड्या भरून गावाला समुद्र दाखविला, त्याला ही कचेरी बांधताना निदान रस्त्यात लोकांना तोंड द्यावे लागले असते.

राहिली युनियन. सगळ्यांनी मोडीत काढल्यावर ती एकट्या मार्स्टनकडे उरली होती. त्यांच्या 'पेडिग्री' बिअरची ती ओळख होती. २०२० मध्ये मार्स्टनने आपल्या भट्ट्या डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गशी भागीदारीत घातल्या. २०२४ च्या जानेवारीत भागीदारीने जाहीर केले, की युनियन आता बंद. तिच्यातून जाणारी बिअर फार कमी खपते. त्याच वर्षी मार्स्टनने आपला उरलेला हिस्साही कार्ल्सबर्गला विकला. लाकडाचा लिलाव होऊन फुलझाडांच्या कुंड्या व्हावयाच्या, एवढेच बाकी होते. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भट्टीचे गॅरेट ऑलिव्हर ह्यांनी मध्यस्थी केली, आणि एक रांग डर्बीशायरमधील बेकवेल येथील थॉर्नब्रिज भट्टीला मिळाली. थॉर्नब्रिज २००५ ची. कर निम्मा झाल्यावर निघालेल्यांपैकी. तिची सर्वांत गाजलेली बिअर अमेरिकन हॉपांची आयपीए आहे, आणि तिचे नाव 'जयपूर'. बर्टनच्या लाकडात तीही आंबविली गेली.

हे लाकूड जपणे सोपे नाही. पीप भरलेले असेल तोवरच फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात; रिकामे राहिले की लाकूड सुकते, सांधे उघडतात, आणि लोखंडी पट्ट्या गळून पडतात. म्हणून युनियन मांडून ठेवण्याची वस्तू होऊ शकत नाही. बेकवेलच्या लोकांना ती घाण्यामागून घाणा भरीतच राहावी लागेल, पिपे सांधणारा माणूस हाताशी ठेवावा लागेल, आणि पन्हळात जमलेले यीस्ट पुढच्या घाण्यासाठी उचलून ठेवावे लागेल.